शोकेसमधलं ते लाल-पांढऱ्या चौकटीचं विमान

घरी आलेला माणूस चहा येईपर्यंत शोकेस बघत बसतो. नॅट ओळखतो, मिग-२१ ओळखतो आणि शेवटी शेपटीजवळ लाल-पांढऱ्या चौकटी असलेल्या एका चिमुकल्या विमानावर बोट ठेवतो. ‘‘हे कुठलं? ह्यानं कुठलं युद्ध गाजवलं?’’ बिस्किटांची बशी पुढं करून मी आजवर विषय टाळत आलो. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ते कॉड्रॉन सी.७१४, दुसऱ्या महायुद्धातलं फ्रेंच लढाऊ विमान. आणि त्यानं काहीही गाजवलं नाही.

त्याचं घराणं मात्र गाजलेलं. मार्सेल रिफार हा अभियंता कॉड्रॉन-रेनो कंपनीसाठी शर्यतीची विमानं काढायचा. अंग सुरीसारखं पातळ, वाऱ्याला अडायला जागाच नाही. त्यातल्या सी.४६०नं डिसेंबर १९३४मध्ये ताशी ५०५ किलोमीटरचा विक्रम केला, तोही साडेतीनशेच्या आसपास अश्वशक्तीच्या इंजिनावर. १९३६मध्ये मिशेल देत्रोयानं हेच विमान अमेरिकेत नेलं आणि विमानशर्यतीची थॉम्पसन ट्रॉफी यजमानांच्या नाकासमोरून उचलली.

मग सरकारला वाटणारच, की ह्यालाच बंदुका लावल्या तर? विचार अगदीच खुळा नव्हता. मोठी इंजिनं पुरत नव्हती, ॲल्युमिनियमला मागणी फार, आणि हे विमान बहुतांशी लाकडाचं. म्हणजे सुतारकाम येणाऱ्या हातांनाही कामाला लावता येणार. १९३६मध्ये सी.७१० उडालं, चाकं बाहेरच लटकणारी. सी.७१३मध्ये चाकं आत ओढली गेली. १९३८मध्ये आलेल्या सी.७१४च्या पंखांखाली चार मशीनगन होत्या. इंजिन रेनोचं, हवेनं थंड होणारं, बारा सिलिंडरचं, उलटं टांगलेलं. ताकद साधारण साडेचारशे अश्वशक्ती.

घोटाळा तिथंच आहे. सपाट उडताना वेग ठरतो तो बराचसा विमान हवेला किती कमी अडतं ह्यावर. रिफारचा हात त्यात कोण धरणार? चढताना मात्र वजन उचलायचं असतं, आणि तिथं देखणेपणा कामाला येत नाही. हायवेला मजेत पळणारी गाडी करूळ घाटात पहिल्या गिअरवर येते, तसंच. बंदुका, गोळ्या, रेडिओ, वैमानिक धरून ह्याचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास गेलं. टनामागं जेमतेम अडीचशे अश्वशक्ती. समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ ईकडं टनामागं चारशेच्या वर. सी.७१४ला चार हजार मीटरवर चढायला नऊ मिनिटांहून जास्त वेळ लागायचा. बॉम्बफेकी विमानं दिसल्यावर उडायचं तर तोवर ती बॉम्ब टाकून परतीच्या वाटेला. ऑर्डरी गुंडाळल्या गेल्या, शंभराच्या आतच विमानं बनली.

ऐंशी फिनलंडला द्यायचं ठरलं. पोचली सहा. तिथल्या आखूड धावपट्ट्यांवर त्यांचं जमेना. एकही लढाईत न जाता ती बाजूला पडली.

राहिलेली कुणाला द्यायची? आपला देश गमावून फ्रान्समध्ये आलेल्या पोलिश वैमानिकांना. ह्याचा मला अजून राग येतो. पाहुण्याला फुटका कप द्यावा तसं हे झालं. ‘वॉर्सा’ नावाच्या त्यांच्या तुकडीनं, जीसी १/१४५नं, जून १९४०मध्ये ह्याच विमानांवर लढाई केली. विमान लढाईला नालायक आहे हे तोवर फ्रेंचांनाही कळलं होतं, पण बदली द्यायला काही नव्हतं. ‘‘नको, आम्ही थांबतो,’’ असं पोलिश म्हणाले नाहीत. विमानावरच्या फ्रेंच वर्तुळाच्या खुणेच्या जोडीला पोलंडची लाल-पांढरी चौकट रंगवली आणि वर गेले. मेसरश्मिट धरून डझनभर शत्रुविमानं पाडल्याची नोंद त्यांच्या नावावर आहे. लढाईतल्या अशा आकड्यांना थोडी सूट द्यावी लागते. दिली तरी ते विमान बघता थक्क व्हायला होतं. फ्रान्स पडल्यावर त्यांतले बरेच जण इंग्लंडला पोचले आणि अखेर धड विमानांत बसले.

‘‘पण कोल्हापूरकराला पोलंडचं एवढं काय?’’ हा पुढचा प्रश्न. अहो, कोल्हापूरकराला नाही तर कुणाला? आता गांधीनगरचा कापडबाजार आहे तिथं, वळिवड्याला, १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती. पाच हजारांच्या घरात माणसं, त्यांत बायका-मुलंच जास्त. आई सांगायची, छावणीतल्या बायका गावात आल्या की पोरं नुसती बघत उभी राहायची. ती चौकट मी पहिल्यांदा चित्रात पाहिली तेव्हा मला विमानाआधी आई आठवली.

नॅटच्या शेजारी ते मी मुद्दाम ठेवलंय. दोन्ही हलकी. पण नॅटच्या तीन टनांना ढकलायला दोन टनांहून जास्त जोराचं जेट इंजिन होतं, म्हणून ते १९६५च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांशी भिडू शकलं.

आणखी एक कबुली देतो. हे मॉडेल मुळात उडवायचंच होतं. बाल्साचं अंग, रात्रभर पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केलेलं. दुकानदारानं सुचवलेली इलेक्ट्रिक मोटर बसवली, माळावर नेलं, हातातून सोडलं. पठ्ठं सरळ उभं वर गेलं, रॉकेटसारखं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र ते बघवेना. घरी आणलं, मोटर काढली आणि शोकेसमध्ये ठेवून दिलं.