इव्हेंट ४१ आणि आमचा गेमिंग पीसी: दोन महिन्यांच्या नोंदी

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की पीसी आठवड्यातून दोन-तीनदा कोसळतोय आणि मी विंडोज नव्याने टाकून बघणार आहे. टाकलं. चार दिवस सुखाचे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा आधी मशीन सांगतो आणि सुरुवातीपासून मांडतो.

प्रोसेसर रायझन ५ ५६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, ५५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). रॅम ३२ जीबी, पण ती एकदम घेतलेली नाही. आधी ८-८ च्या दोन स्टिक होत्या, वर्षभराने तशाच दोन वाढवल्या. लेबल सारखं, वेग सारखा, ३६००. पीसी चिपळूणच्या घरी आहे. घरातल्या इन्व्हर्टरवरच चालतो, कारण आमच्याकडे पावसाळ्यात त्याला पर्याय नाही.

२ ते १० जून
सगळे करतात तेच मीही केलं. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकले, थर्मल पेस्ट बदलली, एचडब्ल्यूइन्फो लावून तापमान पाहिलं. प्रोसेसर ७८ अंश, कार्ड ७१. त्यात काहीच वावगं नाही. दीड हजार रुपयांचा एक पंखाही घेतला. गरज नव्हती.

१४ जून
इथे पहिल्यांदा काहीतरी हाती लागलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, प्रत्येक क्रॅशनंतर कर्नल-पॉवर ४१ दिसायचं आणि मी ते वाचून पुढे जायचो. ४१ चा अर्थ इतकाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. पण त्याच नोंदीत डिटेल्सचा टॅब असतो आणि त्यात बगचेककोड (एररचा क्रमांक) असतो. तो मी कधी उघडलाच नव्हता. अकरा नोंदी एकेक करून उघडल्या, वहीत लिहिल्या. चार ठिकाणी २६, सात ठिकाणी शून्य.

हा आकडा दशमान पद्धतीत असतो. २६ म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत) १ए, म्हणजे मेमरी मॅनेजमेंटची ब्लू स्क्रीन (विंडोज कोसळताना दिसणारा निळा एरर). शून्य म्हणजे विंडोजला ब्लू स्क्रीन नोंदवायलाही वेळ मिळाला नाही: एकतर मशीन जागीच गोठलं आणि रीसेट करावं लागलं, किंवा वीजच तुटली. माझं मशीन गोठत नव्हतं, आपोआप रीस्टार्ट होत होतं. म्हणजे आजार एक नव्हता, दोन होते, आणि मी महिनाभर दोघांवर एकच औषध शोधत होतो. ही पोस्ट लिहायचं खरं कारण हेच. तुमच्याकडेही ४१ येत असेल तर आधी तो आकडा बघा, मग स्क्रूड्रायव्हर उचला.

१५ ते १८ जून
रॅमचं लवकर उरकलं. पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ चालवलं. चारही स्टिक, एक्सएमपी (रॅम लेबलवरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू, दुसऱ्या फेरीतच एरर. जोड्या वेगवेगळ्या लावल्या तर दोन्ही स्वच्छ. एका किटची (एकत्र विकलेल्या जोडीची) रॅम दुसऱ्या किटबरोबर ३६०० वर चालेलच असं कोणी सांगितलेलं नसतं, शिवाय चार स्टिक लावल्या की प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरवर ताण वाढतो. बायोसमधून ३२०० वर आणली, चारही फेऱ्या रात्रभर चालू दिल्या, शून्य एरर. त्यानंतर ब्लू स्क्रीन एकदाही आली नाही.

२१ जून ते ९ जुलै
शून्यवाले क्रॅश चालूच. फक्त गेममध्ये. ब्राउझर, सिनेमा, ऑफिसचं काम, कशालाच त्रास नाही. साहजिकच एसएमपीएसवर संशय गेला. ओसीसीटी या प्रोग्रामची पॉवर टेस्ट (मशीनवर पूर्ण लोड टाकणारी) दुपारी एक तास चालवली, काही झालं नाही. मित्राचा ६५० वॉटचा एसएमपीएस आणून जोडला, तरी तिसऱ्या दिवशी रात्री नऊ-चाळीसला स्क्रीन काळी.

हेडफोन काढून हताश बसलो होतो. तेवढ्यात बाहेरून बाबांनी विचारलं, "लाइट गेलती काय रे आत्ता?" त्यांच्या उशाशी एक डिजिटल घड्याळ आहे, ते इन्व्हर्टरच्या लाइनवर नाही. त्यावर १२:०० लुकलुकत होते.

आमची लाइन फणसा-आंब्यांच्या झाडांमधून येते. वारा आला की फांदी तारेला लागते आणि लाइट पापणी लवावी तशी जाऊन येते. त्या क्षणी इन्व्हर्टरचा रिले (लाइनवरून बॅटरीवर नेणारा स्विच) टक् करतो. कानावर हेडफोन असल्यामुळे तो टक् मला कधी ऐकूच आला नव्हता.

११ जुलै
इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं: यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड. आमचं नॉर्मलवर होतं. गेल्या उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज १७० च्या आसपास यायचं. यूपीएस मोडमध्ये १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो आणि बॅटरी रिकामी होते, म्हणून तेव्हा मीच बदललं होतं. पण नॉर्मल मोडमध्ये बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो. एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर वीज तुटल्यावर पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे ५० हर्ट्झचं एक आवर्तनही नाही. डेस्कटॉपवर मशीन ७०-८० वॉट ओढतं तेव्हा तोच कपॅसिटर कितीतरी जास्त पुरतो. गेममध्ये ३०० च्या घरात गेलं की नाही पुरत. फक्त गेममध्येच का, याचं उत्तर इथे मिळालं.

खात्री करायची होती. जुनी हार्डडिस्क काढून ठेवली, सेव्हचा बॅकअप घेतला, बाबांना इन्व्हर्टरच्या एमसीबीपाशी उभं केलं. गेम चालू, नॉर्मल मोड: दहा वेळा एमसीबी पाडली, सात वेळा रीस्टार्ट. डेस्कटॉपवर दहापैकी एकदाही नाही. मग यूपीएस मोड, गेम चालू, पुन्हा दहा वेळा. बाबा दर वेळी ओरडून विचारायचे, "गेला?" आणि मी आतून, "नाही!"

२८ जुलै
सतरा दिवस झाले. मधे दोन रात्री वादळी होत्या, रिले कितीदा वाजला ते मोजलं नाही, पीसी मात्र एकदाही पडला नाही. मित्राचा एसएमपीएस परत दिला, जुनाच लावलाय.

एप्रिलमध्ये व्होल्टेज पुन्हा खाली येईल तेव्हा यूपीएस मोड बॅटरी खाणार, हे उरलंच आहे. त्यासाठी पीसीपुरता वेगळा, स्टॅबिलायझर असलेला लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्यायचा विचार आहे, साइन वेव्हवाला. ३०० वॉटच्या लोडवर कोणाकडे चालू असेल तर बॅटरी किती मिनिटं पुरते ते सांगा.