आजीचं 'ध्यान' आणि जपान

वर्षावासात विहारात ग्रंथ वाचताना माझी ओळ चुकली. मागून आजी ओरडली, "ध्यान कुठी हाये तुयं?"

पालीत 'झान', चीनमध्ये 'चान', जपानात 'झेन': सगळं आजीच्याच शब्दाचं गोत! शब्दांसारखेच बौद्ध विचारांचे अर्थही वाटेत बदलले. चिनी लोक आधी 'शून्यता' हा बौद्ध विचार तिथल्याच ताओ मताच्या उसन्या शब्दांत समजून घेत. भाषांतर करणारा भिक्खू कुमारजीव ४०१ साली चीनमधल्या चांगआन शहरात पोचला, मग शून्यतेचा विचार मांडणाऱ्या नागार्जुनाचं तत्त्वज्ञान नीट चिनीत उतरलं. शून्यता म्हणजे काहीच नाही असं नव्हे. स्वतःच्या एकट्या बळावर काहीच उभं नाही, एवढंच. कपाशीसुद्धा नाही.

तिबेटी परंपरा नागार्जुनाला विदर्भातला मानते. आजीला सांगितलं.

"मंग आपलाच पोट्टा होय थो," म्हणाली, "वाच पुढं."