शेड्यूल अ‍ॅडहिअरन्स मोजताना आधी काय पाहावे

सोलापुरात काम आणि मजुरी यांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या नगावर होत आला आहे. यंत्रमागावर टॉवेल विणणाऱ्याची किंवा घरी बिड्या वळणाऱ्या बाईची सकाळ वाया गेली, तर संध्याकाळी जास्त वेळ बसून ती भरून काढता येते, कारण सूत आणि पानपुडा वाट पाहत थांबतात. फोन करणारा ग्राहक तसा थांबत नाही. मी येथील एका कॉल सेंटरमध्ये रोस्टर, म्हणजे कोणी केव्हा बसायचे याचे वेळापत्रक, आखण्याचे आणि दिवसभर फ्लोअरवर लक्ष ठेवण्याचे काम करतो आणि नव्या एजंटांकडून अ‍ॅडहिअरन्सबद्दल, म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेल्या कामावर किंवा ब्रेकवर असण्याच्या प्रमाणाबद्दल, एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो: ‘सर, मी माझे आठ तास पूर्ण भरले, मग माझा अ‍ॅडहिअरन्स कमी कसा?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टीम लीडरने रागावून नव्हे, तर आकडे समोर ठेवून दिले पाहिजे.

एखाद्याची शिफ्ट सकाळी ९ ते संध्याकाळी ५ आहे आणि तो साडेनऊला येऊन साडेपाचपर्यंत बसला, असे समजू. त्याने ४८० मिनिटे भरली, म्हणून कन्फॉर्मन्स, म्हणजे ठरलेल्या एकूण वेळेपैकी भरलेला वेळ, १०० टक्के होतो. मात्र ठरलेल्या वेळी ठरलेल्या स्थितीत तो ४५० मिनिटेच होता, म्हणून ब्रेक वेळेवर घेतले असले तरी त्याचा अ‍ॅडहिअरन्स ९३.७५ टक्के भरतो. पहिला आकडा किती काम झाले ते सांगतो, दुसरा ते केव्हा झाले हे सांगतो आणि क्यूमध्ये, म्हणजे कॉलच्या रांगेत, थांबलेल्या ग्राहकाच्या दृष्टीने दुसराच महत्त्वाचा ठरतो.

तो का महत्त्वाचा, हे डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारूप एरलांग यांच्या सूत्रातून फार स्वच्छ दिसते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना त्यांनी १९१७ साली मांडलेल्या गणितावर आजही बहुतेक रोस्टरची आखणी उभी आहे. अर्ध्या तासात १०० कॉल येतात आणि प्रत्येकाला सरासरी ३ मिनिटे लागतात, असे धरले तर १३ एजंट बसलेले असताना सुमारे ८० टक्के कॉल २० सेकंदांच्या आत उचलले जातात. एक जण उठला आणि १२ राहिले, की हेच प्रमाण ६४ टक्क्यांवर येते. आणखी एक उठला की ३९ टक्क्यांवर. सरासरी प्रतीक्षा याच क्रमाने १७ सेकंदांवरून ४० सेकंदांवर आणि मग दोन मिनिटांवर जाते. तेरांपैकी दोघे उशिरा चहाला गेले म्हणून सेवा सहाव्या हिश्शाने खालावत नाही, ती कोसळते.

सोलापुरात याला आणखी एक बाजू आहे. मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू सफाईने बोलणारी मुले-मुली येथे सहज मिळतात, म्हणून त्या भाषांच्या लहान क्यू वेगळ्या चालवता येतात. परंतु लहान क्यू अधिक नाजूक असते. अर्ध्या तासात १० कन्नड कॉल येत असतील आणि तिघे बसलेले असतील, तर जवळपास ९३ टक्के कॉल वेळेत उचलले जातात. दोघे राहिले तर ७० टक्के, आणि एकच उरला तर रांग संपतच नाही. म्हणून कन्नड क्यूमधल्या एजंटाचा ब्रेक मराठी क्यूच्या ब्रेकइतक्या सैलपणे हलवू नये, असे माझे ठाम मत आहे.

एवढे सगळे मान्य केल्यानंतरही हा आकडा एजंटावर अन्याय करू शकतो आणि तो बहुतेक वेळा मोजण्याच्या पद्धतीतून होतो. एका मुलीचा जेवणाचा ब्रेक १ ते दीड आहे. तिला १२ वाजून ५८ मिनिटांनी एका वृद्ध ग्राहकाचा कॉल आला आणि तो १ वाजून ७ मिनिटांनी संपला. तिने आपली अर्ध्या तासाची सुट्टी पूर्ण घेतली आणि १ वाजून ३७ मिनिटांनी ती परत बसली. प्रणालीच्या लेखी ब्रेकच्या वेळेत कॉलवर राहिलेली ७ मिनिटे चुकीची आणि कॉलच्या वेळेत ब्रेकवर राहिलेली ७ मिनिटेही चुकीची, म्हणजे एकूण १४. लक्ष्य ९५ टक्के असेल, तर ४८० मिनिटांत तिला दिवसभरासाठी २४ मिनिटांचीच मोकळीक आहे. असे दोन कॉल आले की ती त्या दिवशी नापास ठरते, तेही ग्राहकाचे बोलणे मध्येच न तोडल्याबद्दल. अशा वेळी ब्रेक त्याच दिवशी, त्याच तासात सरकवून शेड्यूल दुरुस्त करणे हे आमचे काम आहे. महिनाअखेरीस एजंटाने पुराव्यासह विनवणी करण्याची वेळ येऊ नये.

हाच न्याय कॅबलाही लागू व्हावा. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात मानाच्या नंदीध्वजांची मिरवणूक निघते, तेव्हा शहरातले रस्ते वळवले जातात हे प्रत्येक सोलापूरकराला ठाऊक असते. त्या दिवशी कंपनीचीच गाडी अर्धा तास उशिरा पोहोचली, तर गाडीतल्या सहा जणांच्या नावावर सहा उशीर लिहिणे चूक आहे. तो वेळ श्रिंकेजमध्ये, म्हणजे पगारी पण कॉल न घेता जाणाऱ्या वेळेत, आधीच धरायला हवा होता. एकाच वेळी अनेकांचा अ‍ॅडहिअरन्स घसरला, की मी प्रथम रोस्टर तपासतो आणि माणसांकडे नंतर वळतो.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. महिनाभर ९९ टक्के दाखवणाऱ्या एजंटाचे कौतुक करण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक ब्रेकच्या आधीच्या पाच मिनिटांतले कॉल काढून पाहावेत. तेथील सरासरी वेळ त्याच्याच इतर कॉलपेक्षा फार कमी असेल, किंवा तेवढ्याच मिनिटांत ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्याकडे वळवलेले कॉल, वाढलेले असतील, तर वेळ पाळण्यासाठी ग्राहकाला घाईने वाटेला लावले जात आहे, असा संशय घेण्यास जागा आहे. मग त्यातले काही कॉल ऐकावेत आणि त्याच ग्राहकाने त्या दिवशी पुन्हा फोन केला होता का, हेही शोधावे.