तुम्ही विचारलंत म्हणून: रायफलची साईट, म्हणजे नेम धरायची यंत्रणा, एकदाच लावून का ठेवत नाही?

2024 च्या ऑगस्टपासून हा प्रश्न फार वाढलाय. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, आणि सांगली-मिरजेत रायफल म्हणजे काय ते एकाएकी सगळ्यांना कळायला लागलं. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली तेव्हा शेजारच्या कोल्हापूरची पोर म्हणून पेढे वाटले गेले, पण प्रश्न कुणी विचारले नव्हते. आता स्टाफरूममध्ये, हळदीकुंकवाला, भाजीच्या गाड्यावर एकच: "मॅडम, रायफल एवढी महागाची, मग साईट एकदा नीट लावून ठेवता येत नाही का? सारखं ते बटण कशाला पिळता?" आणि व्हिडिओ बघून आलेल्यांचा जोडप्रश्न: "गोळ्या घरीच का भरत नाही? बाहेरच्या देशात तर सगळे भरतात."

आधी दुसऱ्याचं. माझे दीर टेक्सासला असतात, हजार यार्डांवर मारतात आणि काडतुसं स्वतः भरतात. त्यांच्या गॅरेजमध्ये मी बसून पाहिलंय. वापरलेली पितळी पुंगळी साच्यातून काढून मूळ मापाला आणायची, नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, दाबायचा, बंदुकीची दारू ग्रेन या बारीक वजनाच्या दहाव्या भागापर्यंत तोलायची, बुलेट ठरलेल्या खोलीवर बसवायची. एवढा आटापिटा का, तर प्रत्येक गोळी सारख्या वेगानं निघावी म्हणून. सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तर हजार यार्डांवर गोळी वीतभर वर-खाली होते. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

पण माझं काडतूस पॉइंट टू टू, म्हणजे 0.22 इंची. त्याचा स्फोटक मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो, वेगळा प्रायमर नसतोच. एकदा पिन आपटली की ती पुंगळी संपली. आणि ती भरता येत असती तरी 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. मिरजेतल्या दोन खोल्यांच्या घरात दारूचा डबा ठेवून बसले, तर माझ्या आधी पोलीस नेम धरतील. म्हणून आम्ही चांगला लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेली काडतुसं, शोधतो. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे वागतात. ज्यांना जमतं ते कारखान्यात नळी नेऊन लॉट निवडतात, बाकीचे जे मिळेल त्यातलं बरं उचलतात. 50 मीटरवर निशाणाचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. वेगात दहा मीटरचा फरक पडला तर इथं पाऊण सेंटिमीटर. म्हणजे मधोमध लागणारी गोळी दहाच्या कडेवर. त्यामुळे लॉट महत्त्वाचा नाही असं मी म्हणत नाही. वारा लॉट बघून वाहत नाही, एवढंच म्हणते.

ज्या जिल्ह्यात ढालगावला वाऱ्यावर वीज तयार होते, तिथल्या माणसांना वारा समजावून सांगायची पाळी यावी, याचा मला खरंच राग येतो. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा टू टूच्या गोळीला 50 मीटरवर दोनेक सेंटिमीटर ढकलतो. रायफल काहीही किमतीची असो. जवारी लावून झालेला तंबोरा मैफलीआधी पुन्हा लावतात, तेव्हा मिरजेत कुणी म्हणत नाही की तंबोरा बिघडलाय.

आता माझी एक मॅच. पुण्याची बालेवाडी, प्रोन, साठ गोळ्या, पन्नास मिनिटं. त्याआधी पंधरा मिनिटं तयारी आणि साइटर, म्हणजे गुण न मोजल्या जाणाऱ्या सरावाच्या गोळ्या. एकदा मॅच सुरू झाली की साइटर नाही, प्रत्येक गोळी मोजली जाते. म्हणजे साईट बदलली की ती बरोबर बदलली का, हे गुण पणाला लावूनच कळतं. हे प्रश्न विचारणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

सकाळपासून वारा डावीकडून होता. डावीकडचा वारा गोळीला नुसता उजवीकडे नेत नाही, किंचित खालीही नेतो, घड्याळात चार असतात त्या दिशेला. मी साईटचं बटण फिरवून डावीकडे क्लिक दिले, एक वर दिला, गोळ्यांचा ग्रुप मध्यात आला. चाळीस गोळ्यांपर्यंत सगळं सुरळीत. मग दहा मीटरवरचा वाऱ्याचा झेंडा लोंबला आणि तीस मीटरवरचा आडवाच राहिला. मी रायफल खांद्यावरून काढली, थांबले. शेजारच्या लेनवरची मुलगी साईटला हातच लावत नव्हती. वारा वाढला की नेम जरा बाजूला धरायचा, म्हणजे शेड घ्यायची, आणि मारायचं. तिची गोळी सुटताना ऐकत होते आणि घड्याळ बघत होते. दोन्ही झेंडे पुन्हा आडवे झाले, अगदी सकाळसारखे. मी श्वास सोडला, साईटच्या रिंगमध्ये निशाणाचा काळा गोल बसला, ट्रिगर स्वच्छ सुटला. स्क्रीनवर 9.2. डावीकडे, किंचित वर.

झेंडे बघून ट्रिगर सुटेपर्यंत वारा मधल्या मध्ये मेला होता. माझे क्लिक मात्र साईटवर तसेच होते, आणि त्यांनीच गोळी तिकडे नेली. हात हलला असता तर छिद्र कुठंही गेलं असतं, इतकं मोजून दहा वाजल्याच्या दिशेला नसतं गेलं. राज्याच्या संघातून मी 0.6 गुणांनी राहिले. बाहेर आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "गोळी खराब होती का गं?" हो म्हणायची इतकी इच्छा झाली! पण त्याच डब्यातल्या पुढच्या साऱ्या दहात गेल्या होत्या.

त्या काळात मी वहीत ठणकावून लिहिलं होतं, क्लिक म्हणजे मोजमाप, शेड म्हणजे अंदाजपंचे. तेव्हाच्या माझ्यातल्या त्या बाईला आज विचारावंसं वाटतं, मोजलेलं वारं गोळी पोचेपर्यंत थांबतं का गं? ती म्हणेल, मग शेड घेणारीला तरी वारा कुठं सांगून येतो? शिवाय काळा गोल रिंगमध्ये मधोमध नसला की डोळा आपोआप तो मधोमध आणायला बघतो, आणि शेड निम्मी होते. तेही खरंच आहे. शेजारची ती मुलगी त्या दिवशी माझ्या पुढे होती. पुढच्या वर्षी तसल्याच वाऱ्यात ती माझ्या मागे होती. यातून काय सिद्ध होतं मला ठाऊक नाही.

दीर म्हणतात, वहिनी, वेग सारखा असला की निदान एक संशय कमी. बरोबर आहे. पण त्यांच्याकडेही हजार यार्डांवर तोललेल्या काडतुसांनिशी माणसं वाऱ्यापुढे चूक ठरतातच, आणि तिथंही बटण फिरवतातच.

तेव्हा पुढच्या मॅचला क्लिक देणार की शेड घेणार, हे आत्ता विचारू नका. साइटरच्या पंधरा मिनिटांत ठरवेन, आणि सोळाव्या मिनिटाला बहुतेक बदलेन.