विहिरीतली सवय

पोहायला मी गावच्या विहिरीत शिकलो. पाठीला सुका भोपळा बांधून अण्णांनी काठावरून ढकललं, तेव्हा शिकवण एकच होती: तोंड मिट, दम धर. पुढे तळाचा गाळ मुठीत आणायच्या पैजा लागायच्या. छाती फुटायला आली की पाय मारत सरळ वर. हीच सवय अंदमानात, हॅवलॉकला, अंगाशी आली.

स्कूबाच्या, म्हणजे सिलिंडर लावून समुद्रात खोल उतरायच्या, ओपन वॉटर कोर्सच्या पहिल्याच तासाला इन्स्ट्रक्टर म्हणाला, "दम कधीच धरायचा नाही." मी विचारलं, आम्ही पोरं विहिरीत दम धरूनच वर यायचो, कुणाला काय झालं? तर तो म्हणाला, तुमच्या छातीतली हवा काठावरची. खाली आकसायची, वर येताना मूळ मापाची व्हायची. इथे तुम्ही १० मीटरवर सिलिंडरमधून श्वास घेता, तिथे दाब वरच्या दुप्पट. ती हवा कोंडून वर आलात की दुप्पट फुगणार. फुप्फुस फाटून हवा रक्तात शिरली तर थेट मेंदूपर्यंत जाऊ शकते. त्याला फार खोली लागत नाही, दीड मीटरही पुरतं.

सगळं पटलं. लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी!

तिसऱ्या दिवशी, १२ मीटरवर, मास्कमध्ये पाणी शिरलं आणि नाकात गेलं. सिलिंडरमधून श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात, सिलिंडरमध्ये हवा भरपूर. तरी मी दम धरला आणि पाय मारले. घाबरून तरंगायच्या जॅकेटमध्ये हवा भरायचं बटणही दाबलं. वर यायच्या वेगावर नजर ठेवणारा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर किंचाळायला लागला. इन्स्ट्रक्टरने मला धरलं, जॅकेटमधली हवा सोडली आणि माझ्या छातीवर बोट टोचून स्वतःच्या बुडबुड्यांकडे दाखवत राहिला. सोड, श्वास सोड. थांबलो तेव्हा सात मीटरवर होतो.

मग ५ मीटरवर दोर धरून तीन मिनिटं लटकलो. खाली असताना रक्तात, स्नायूंत नायट्रोजन मुरतो. मिनिटाला ९ मीटरपेक्षा सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाई केली तर अंगातच त्याचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, हातापायांना मुंग्या येतात, कधी पाय लुळे पडतात.

रात्री उजवा खांदा ठणकायला लागला. सिलिंडर उचलून दुखत असेल, असं स्वतःला पटवत मी तासभर पडून राहिलो. खरं तर लाज वाटत होती. याच त्रासाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हॉल्डेन यांच्या १९०८ सालच्या अहवालातल्या शेळ्या माझ्यापेक्षा शहाण्या म्हणायच्या: दाबातून भरकन बाहेर काढल्या की दुखरा पाय सरळ उचलून धरायच्या.

शेवटी फोन केला. इन्स्ट्रक्टर ऑक्सिजनची टाकी घेऊनच आला, एका शब्दानेही रागावला नाही. डॉक्टरांशी बोलून सकाळी तपासणी झाली. स्नायूच आखडला होता. पण पुढची डाइव्ह बंद, आणि परतीचं विमानही एक दिवस पुढे ढकललं. डाइव्हनंतर लगेच विमानात बसलं तर हवेचा दाब आणखी कमी होतो. लागोपाठच्या साध्या डाइव्हनंतरही निदान १८ तास थांबायला सांगतात.

कोर्समधली एक डाइव्ह अजून बाकी आहे. तोवर इथल्या तलावात, शाळकरी पोरांच्या गर्दीत, "आऽऽ" करत बुडबुडे सोडत वर यायचा सराव चालू आहे. पोरं हसतात.