यानातली डार्करूम

चांद्रमोहिमांचा विषय निघाला की लोक थेट १९६९ वर उडी मारतात. मी दहा वर्षं मागेच अडकतो, सोव्हिएत लुना ३ पाशी. डार्करूममध्ये रोल धुण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला दुसरं कुठलं यान आवडणार?

लुना २ सप्टेंबर १९५९ मध्ये चंद्रावर आदळलं. नेम अचूक, प्रश्नच नाही. पण पुढच्याच महिन्यात निघालेल्या लुना ३ला चंद्राची आपल्याला कधीच न दिसणारी बाजू टिपायची होती. ७ ऑक्टोबरला, चंद्रापासून सुमारे ६५,००० किलोमीटरवर, त्याने स्वतःच्या गिरक्या थांबवल्या. प्रकाश ओळखणाऱ्या सेलला चंद्र सापडला आणि कॅमेरा सुरू झाला. ४० मिनिटांत २९ फोटो, तेही ३५ मिमी फिल्मवर.

खरी गंमत पुढे. ती फिल्म यानातच डेव्हलप झाली, फिक्स झाली (म्हणजे चित्र पक्कं झालं) आणि वाळलीसुद्धा. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, जरा गार पडला की निगेटिव्ह फिकी येते, तापला की काळीठिक्कर. इथे तर बघायला माणूसच नाही! मग प्रकाशाचा बारीक ठिपका निगेटिव्हवरून ओळीओळीने फिरला आणि पलीकडे जेवढा उजेड पोचला, त्याचा सिग्नल पृथ्वीकडे निघाला. त्यात फिल्म मूळची अमेरिकी, हेरगिरीच्या फुग्यांमधून सोव्हिएतांच्या हाती लागलेली! शीतयुद्धाचा याहून खमंग किस्सा मला तरी माहीत नाही.

फोटो धुरकटच आले. शिकाऊ पोराने असे आणले असते तर मी परत पाठवलं असतं. पण एवढं दिसलं की आपल्या बाजूला आहेत तसे मोठाले काळे ‘समुद्र’ तिकडे जवळपास नाहीतच.

अमेरिकेने चंद्रावर मुद्दाम आदळवायच्या रेंजर यानांवर टीव्ही कॅमेरे बसवले. फेब्रुवारी १९६४ मध्ये रेंजर ६ बरोबर जागी आदळलं, पण कॅमेऱ्यांनी एकही चित्र दिलं नाही. जुलैत रेंजर ७ ने आदळण्याआधीच्या १७ मिनिटांत ४,३०० हून अधिक चित्रं पाठवून भरपाई केली.

तरीही बारकाव्यांसाठी १९६६ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी लुनार ऑर्बिटर यानावर पुन्हा फिल्मच आली. अपोलोच्या उतरण्याच्या जागा निवडायला हेच फोटो कामी आले. इथे फिल्म धुवायला रसायनात भिजवलेली पट्टी तिच्यावर दाबून नंतर सोलून काढायची. सुटसुटीत युक्ती, पण फार वेळ एका जागी राहिली तर दोन्ही चिकटायची भीती. म्हणून फिल्म पुढे सरकवण्यासाठी, गरज नसतानाही अधूनमधून फोटो काढावे लागत.