मागच्या अंगणातली हरणं आणि मचाणावरचे तिरंदाज

अमेरिकेतून नातेवाइकांनी पाठवलेल्या फोटोंत मागच्या अंगणात उभं असलेलं हरीण हमखास असतं. 'किती नशीबवान आहात!' ही त्यावरची ठरलेली प्रतिक्रिया. व्हर्जिनियातल्या आमच्या फेअरफॅक्स कौंटीत हरणांचा विषय निघाला की शेजारीपाजारी नशिबाचं नाव काढत नाहीत. गाडीचा विमा, गोचिडी आणि फस्त झालेले ट्यूलिप, एवढ्यावरच बोलणं फिरत राहतं.

हे पांढऱ्या शेपटीचं हरीण. बेसुमार शिकारीमुळे १९०० च्या सुमारास अख्ख्या देशात जेमतेम काही लाख उरलं होतं. मग कायदे कडक झाले आणि हरणं सावरली. पण त्यांना खाणारे लांडगे आणि प्यूमा पूर्वेकडून तोवर नाहीसे झाले होते. त्यात उपनगरं पसरली. या हरणाला दाट जंगलापेक्षा जंगलाची कड मानवते, आणि उपनगर म्हणजे नुसती कडच: थोडी झाडी, मग हिरवळ, मग कुणीतरी खतपाणी घालून वाढवलेली होस्टाची, म्हणजे रुंद पानांची शोभेची रोपं. धडधाकट मादीला बहुधा जुळी पाडसं होतात. आज देशभरात तीन कोटींच्या आसपास हरणं असल्याचा अंदाज सांगतात.

तक्रारी होतात त्या बागेच्या. लोक कुजक्या अंड्याच्या वासाचा फवारा मारतात (त्या दिवशी हरणांआधी पाहुणे पळतात), फांद्यांना साबणाच्या वड्या टांगतात. भुकेल्या हरणापुढे यातलं काही फार टिकत नाही. आठ फुटी कुंपण चालतं, पण घरापुढे तेवढं उंच कुंपण घालायला बहुतेक वसाहतींत परवानगी नसते.

मला विचाराल तर खरं नुकसान बागेत नाहीच, पार्कच्या मागच्या जंगलात आहे. तिथे झाडीकडे नीट पाहिलं तर माणसाच्या छातीच्या उंचीला आखून काढावी तशी रेघ दिसते. रेघेच्या वर पाला, खाली नुसत्या काटक्या. डेरेदार ओक आहेत, पण त्यांच्याखाली गुडघ्याएवढं रोप शोधून सापडत नाही. कोंब वर आला की हरणं शेंडा खुडून टाकतात. जमिनीवर माजलंय ते जपानी स्टिल्टग्रास नावाचं गवत, कारण त्याला हरणं सहसा तोंड लावत नाहीत. झुडपात घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा आसराही गेला. हे म्हातारे ओक पडल्यावर त्यांच्या जागी काय येणार, हा प्रश्न ट्यूलिपपेक्षा कितीतरी मोठा आहे.

गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम रोगाचं सगळं खापर हरणांवर फुटतं, ते मात्र अर्धंच खरं. गोचिडीला तो जंतू मिळतो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदरांकडून. हरीण मोठ्या गोचिडींना पोसतं, म्हणजे तेही अगदी निर्दोष नाही.

१९९७ मध्ये इथे गाडी आणि हरणाच्या धडकेत एका महिलेचा जीव गेला. त्यानंतर कौंटीने हरणांची संख्या आटोक्यात आणायचा कार्यक्रम हाती घेतला. आता सप्टेंबरपासून हिवाळा सरेपर्यंत ठरावीक पार्कमध्ये तिरंदाज बसतात. नेमबाजीची परीक्षा दिल्याशिवाय परवाना नाही, आणि बाण सोडायचा तो झाडावरच्या मचाणावरूनच. वरून सुटलेला बाण चुकला तरी जमिनीत रुततो, आडवा जात नाही. शेजारच्या वॉशिंग्टनमध्ये रॉक क्रीक पार्कात २०१३ पासून रात्री बंदूकधारी नेमबाज हे काम करतात आणि मांस गरिबांच्या अन्नछत्रांना जातं.

आई इथे आली होती, तेव्हा पार्कच्या तोंडाशी लावलेली सूचना मी तिला वाचून दाखवली. "अगं, मारायचं कशाला? ऑपरेशन करा की त्यांचं!"

तेही करून झालंय. कॉर्नेल विद्यापीठाने आपल्या आवारातल्या माद्यांची नसबंदी केली. पाडसं कमी झाली, पण हरणं तेवढीच राहिली. गर्भ न राहिलेली मादी पुन्हा पुन्हा माजावर येते आणि त्या वासाने बाहेरचे नर गोळा होतात. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर २०१६ पासून उलट नरांची नसबंदी केली. तिथे संख्या उतरली, पण ते बेट आहे, आणि खर्च लाखो डॉलरच्या घरात गेला. एकेका हरणाला बेशुद्ध करून टेबलावर घ्यायचं म्हणजे चेष्टा नाही. आमच्या कौंटीला चारही बाजूंनी जमीन नाहीतर सहज पोहून पार होणारं पाणी. इकडची शंभर आवरली तरी तिकडची येणारच. म्हणून मनाला रुचत नसलं तरी माझं मत तिरंदाजांच्या बाजूने आहे.

आईला ते अजून पटलेलं नाही. "मग लांडगे आणा परत," असं तिचं म्हणणं. लांडगे नाही, पण त्यांचे लहान भाऊबंद कायोटी आपणहून आलेत. ते पाडसं उचलतात. मोठ्या हरणाच्या वाटेला फारसे जात नाहीत.